फ्रेदेरिक बाझीयची चित्रशाळा : कुटुंबचित्रे आणि मित्रसहवासातील चित्रनिर्मिती

प्रास्ताविक

दृक्प्रत्ययवाद अर्थात इंप्रेशनिझम या चित्रसंप्रदायाचा इतिहास मराठीत सांगितला जातो, तेव्हा त्याचा आरंभ बहुधा १८७४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या प्रदर्शनापासून केला जातो. क्लोद मोने, ऑग्युस्त रन्वार, आल्फ्रेद सिस्ली, कामीय पिसारो, एदगार दगा, बेर्त मोरिझो ही नावे ओळीने येतात. सलोन या शासनमान्य वार्षिक प्रदर्शनाला वळसा घालून आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवावे, हा विचार सात वर्षे आधी, १८६७ मध्ये, ज्या तरुणांच्या मनात घोळत होता त्यांपैकी फ्रेदेरिक बाझीय (१८४१–१८७०) हा मात्र या ओळीत नसतो. प्रदर्शन प्रत्यक्षात भरले तेव्हा त्याच्या मृत्यूला जवळजवळ साडेतीन वर्षे झाली होती.

बाझीयचा उल्लेख आलाच तर तो दोन प्रकारे येतो. एक, मोने आणि रन्वार यांना अडीअडचणीला मदत करणारा सधन घरचा मित्र म्हणून. आणि दोन, फ्रान्स-प्रशिया युद्धात वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेलेला होतकरू चित्रकार म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु पहिल्या उल्लेखात त्याची चित्रे बाजूला पडतात आणि दुसऱ्यात ती केवळ अपूर्ण राहिलेल्या भवितव्याची खूण ठरतात. त्याने जे काम पूर्ण केले त्याकडे काम म्हणून पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू हे पाहणे शक्य आहे का, याचा शोध घेण्याचा आहे.

त्यासाठी बाझीयच्या चित्रांचे तीन गट विचारात घेतले आहेत : कुटुंबीयांची चित्रे, मित्रांची आणि मित्रांसमवेत काढलेली चित्रे, आणि चित्रशाळेची चित्रे. हे तिन्ही गट एकाच प्रश्नाला भिडतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. अनेक माणसे एका चौकटीत आणताना त्यांच्यातील नाते खोटे न पाडता ती कशी मांडावीत, हा तो प्रश्न होय. छापील प्रतिकृतींवरून रंगांविषयी ठाम विधाने करणे धोक्याचे असते; म्हणून विवेचनाचा भर मांडणी, देहबोली, नजर आणि चित्रातील रिकामा अवकाश यांवर ठेवला आहे.

चित्रशाळा : सामायिक जागा

बाझीयचा जन्म दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथील एका सुखवस्तू प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. १८६२ च्या अखेरीस तो पॅरिसला आला तो वैद्यकाच्या शिक्षणासाठी. त्याबरोबरच त्याने शार्ल ग्लेर यांच्या चित्रशाळेत नाव घातले आणि तेथेच मोने, रन्वार व सिस्ली यांच्याशी त्याचा परिचय झाला. १८६४ मध्ये वैद्यकाच्या परीक्षेत अपयश आल्यानंतर त्याने पूर्णवेळ चित्रकलेला वाहून घेतले. घरून येणारे मासिक पैसे आणि त्याबद्दल आई-वडिलांना लिहिलेली पत्रे हा पुढील सहा वर्षांचा क्रम राहिला. त्याच्या चित्रशाळेतील दैनंदिन व्यवहाराविषयी आज जे कळते त्यातील बराच भाग या पत्रांतूनच कळतो.

या सहा वर्षांत त्याने अनेकदा जागा बदलल्या. १८६५ च्या आरंभी फ्युर्स्तेंबेर मार्गावरील सहा क्रमांकाच्या घरात त्याने मोनेसमवेत चित्रशाळा घेतली. देलाक्रवाचे अखेरचे वास्तव्य याच पत्त्यावर होते. पुढे व्हिस्काँती मार्गावरील जागेत रन्वार त्याच्यासोबत राहिला आणि १८६७ मध्ये काही काळ मोनेही तेथे येऊन दाखल झाला. १८६८ पासून तो बातिन्योल भागातील काँदामीन मार्गावरील मोठ्या चित्रशाळेत होता. या तिन्ही जागांची त्याने चित्रे काढली. पहिल्या दोन चित्रांत माणसे नाहीत. शेगडी, खुर्ची, भिंतीवरची चित्रे एवढेच त्यांत आहे. तिसऱ्या चित्रात माणसे आली, आणि त्या चित्राचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

सामायिक चित्रशाळा म्हणजे केवळ भाड्याची वाटणी नव्हे. एकच मॉडेल दोघातिघांनी मिळून वापरणे, एकाच वस्तूसमूहासमोर दोन घोड्या लावणे, एकाच्या चित्रासाठी दुसऱ्याने तासन्‌तास उभे राहणे हा सर्व कामाचाच भाग होता. १८६५ च्या उन्हाळ्यात मोनेने शायी येथे वनभोजनाचे प्रचंड चित्र हाती घेतले तेव्हा त्यातील पुरुषाकृतींसाठी उंच, सडपातळ बाझीय उभा राहिला. त्याच मुक्कामात मोनेच्या पायाला दुखापत झाली आणि तो अंथरुणाला खिळला. बाझीयने आपले अर्धवट वैद्यकीय ज्ञान वापरून जखमेवर पाण्याची धार ठेवण्याची व्यवस्था केली आणि लगोलग त्या दृश्याचे चित्रही काढले. या चित्रात रुग्णाविषयी करुणा जागविण्याचा प्रयत्न नाही. पलंगावर टेकलेला, कंटाळलेला मोने, टांगलेले भांडे, चुरगळलेली चादर यांची ती नोंद आहे. चित्रकार, शुश्रूषक आणि मित्र या तीन भूमिका एकाच माणसाने एकाच दुपारी निभावल्या असाव्यात, असे हे चित्र पाहताना वाटते.

चित्रशाळेच्या व्यवहारात काटकसरही होती. बाझीय कॅनव्हास पुन्हा वापरत असे. १८६६ च्या सलोनने नाकारलेले पियानोवादक तरुणीचे चित्र पूर्वी केवळ पत्रांतील उल्लेखांवरून ठाऊक होते. क्ष-किरण तपासणीत ते ‘रूथ आणि बोआझ’ या १८७० च्या चित्राखाली आढळले. सधन घरच्या या चित्रकारालाही आपल्या नाकारलेल्या चित्रावरच नवे चित्र रंगवावे लागत होते, ही बाब ‘श्रीमंत हौशी’ या त्याच्या प्रतिमेला छेद देणारी आहे.

कुटुंब : पाहणाऱ्याकडे वळलेल्या नजरा

बाझीय दर उन्हाळ्यात घरी जात असे. माँपेल्येजवळील मेरिक येथे कुटुंबाची मळ्याची वाडी होती. तेथील गच्ची, खालचा गाव आणि दक्षिणेचे प्रखर ऊन हे त्याच्या उत्तम चित्रांचे स्थान होय. १८६४ च्या ‘गुलाबी पोशाख’ या चित्रात त्याची मावसबहीण गच्चीच्या कठड्यावर पाठमोरी बसली आहे आणि समोरच्या गावाकडे पाहत आहे. तिचा चेहरा जवळजवळ दिसत नाही. व्यक्तिचित्र म्हणावे तर ओळख लपलेली, आणि निसर्गचित्र म्हणावे तर अर्धा कॅनव्हास तिने व्यापलेला. अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या चित्रकाराने येथे कुटुंबातील व्यक्तीला मुद्दाम ‘बसविण्याचे’ टाळले आहे.

तीन वर्षांनी हाती घेतलेल्या ‘कौटुंबिक मेळावा’ या चित्रात (१८६७–६८) त्याने याच्या नेमके उलट केले. सुमारे दीड मीटर उंच आणि सव्वादोन मीटरहून अधिक रुंद अशा या कॅनव्हासवर मेरिकच्या गच्चीवरील चेस्टनटच्या झाडाखाली अकरा व्यक्ती आहेत. आई-वडील बाकावर बसले आहेत. भाऊ, भावजय, मावशी, तिचे यजमान आणि बहिणी बसून वा उभ्या आहेत. पानांतून झिरपणारे ऊन जमिनीवर पसरले आहे, मुलींच्या ठिपक्यांच्या तलम पोशाखांवर निळसर सावल्या आहेत, आणि पुरुषांचे काळे कोट त्या प्रकाशाला रोखून धरतात. जवळजवळ प्रत्येकजण चित्राबाहेर, म्हणजे चित्रकाराकडे पाहतो आहे.

या चित्रावर ताठरपणाचा आक्षेप घेतला जातो. माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, ती छायाचित्रकारासमोर उभी राहिल्यासारखी वाटतात, असे म्हटले जाते. आक्षेप निराधार नाही. बाहेरच्या उजेडात आरंभलेले हे चित्र त्याने पॅरिसच्या हिवाळ्यात, बंद चित्रशाळेत, दीर्घकाळ दुरुस्त केले. झाडाची सावली आणि माणसांचे देह एकाच दुपारचे वाटत नाहीत, ते यामुळेच. हा दोष गुण म्हणून खपविण्याचे कारण नाही. तथापि, या ताठरपणाचा एक भाग तांत्रिक नाही. घरच्या माणसांसमोर घोडी लावून बसलेल्या मुलाकडे घरची माणसे जशी पाहतील तशी ती येथे पाहतात. त्या नजरेत आपुलकी आहे, पण अपेक्षाही आहे. वैद्यक सोडून चित्रकलेच्या मागे लागलेल्या, दरमहा पैसे मागविणाऱ्या मुलाने नेमके काय साधले, हा प्रश्न त्या बाकावरून विचारला जातो आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

चित्रकाराने स्वतःला कोठे ठेवले आहे, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अगदी डाव्या कडेला, मावशीच्या यजमानांच्या मागे, चौकटीला जवळजवळ घासून तो उभा आहे. तो कुटुंबात आहे आणि नाहीही. समूहचित्रात चित्रकाराने स्वतःला कडेला ठेवणे हा युरोपीय परंपरेतील जुना संकेत आहे. परंतु येथे ती नम्रतेची खूण वाटत नाही. सर्वांच्या नजरा ज्या जागेकडे वळल्या आहेत ती चित्रकाराची खरी जागा चौकटीबाहेर आहे, आणि चौकटीत उरला आहे तो केवळ त्या घरचा मुलगा. एकाच माणसाचे हे दुभंगणे चित्राच्या मांडणीतच आहे.

हे चित्र १८६८ च्या सलोनमध्ये स्वीकारले गेले. ते बहुधा चुकूनच घेतले गेले असावे, असे बाझीयने घरी कळविले. एमिल झोला यांनी त्याची अनुकूल दखल घेतली. तरीही बाझीयचे समाधान झाले नाही. प्रदर्शनानंतर त्याने पुढील भागात असलेली छोटी कुत्री काढून टाकली आणि तेथे टोपी, छत्री व फुलांचा गुच्छ अशी वस्तूंची मांडणी रंगविली. हा बदल फारसा यशस्वी नाही, कारण त्या वस्तू ठेवल्यासारख्या दिसतात. पण त्यातून त्याची कामाची पद्धत कळते. स्वीकृतीचा शिक्का मिळाल्यावरही चित्र संपले, असे तो मानत नव्हता.

मित्र : कामात गढलेली माणसे

कुटुंबचित्रांतील नजरांच्या पार्श्वभूमीवर मित्रांची चित्रे पाहिली की फरक तत्काळ जाणवतो. १८६७ मध्ये बाझीयने रन्वारचे चित्र काढले. त्यात रन्वारने दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले आहेत, गुडघ्यांभोवती हात गुंफले आहेत आणि तो कोठेतरी बाजूला पाहतो आहे. व्यक्तिचित्रासाठी असे कोणी बसत नाही. काम नसताना मित्राच्या खोलीत माणूस जसा बसतो तसा तो बसला आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस रन्वारने बाझीयचे चित्र काढले. बाझीय घोडीसमोर वाकून बसला आहे, पायांत घरगुती सपाता आहेत, आणि तो मेलेल्या बगळ्याचे स्थिरवस्तुचित्र रंगवितो आहे. तो बगळा त्याच वेळी सिस्लीही रंगवीत होता. बाझीयच्या मागच्या भिंतीवर मोनेचे बर्फाचे निसर्गचित्र टांगलेले दिसते. म्हणजे एका चित्रात चार चित्रकार आहेत : रंगविणारा रन्वार, रंगविला जाणारा आणि स्वतःही रंगविणारा बाझीय, भिंतीवरचा मोने, आणि चौकटीबाहेर शेजारी त्याच बगळ्यासमोर बसलेला सिस्ली. रन्वारचे आणि दोन्ही बगळ्यांची अशी ही तीन चित्रे एकत्र ठेवूनच वाचावी लागतात. बाझीयचा बगळा रुंद, दाट फटकाऱ्यांनी आणि मोजक्या करड्या-पांढऱ्या छटांनी घडविलेला आहे. सिस्लीचे पक्षी अधिक हलक्या हाताने काढलेले आहेत. एकाच वस्तूसमोर बसून दोघांनी दोन भिन्न चित्रे केली. मित्रांसमवेत काम केल्याने व्यक्तिमत्त्व पुसले जाते, ही समजूत येथे टिकत नाही.

मैत्रीचा आर्थिक भाग मात्र वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा होता. मोनेचे ‘बागेतील स्त्रिया’ हे अडीच मीटरहून अधिक उंचीचे चित्र १८६७ च्या सलोनने नाकारले, तेव्हा बाझीयने ते अडीच हजार फ्रँकला, दरमहा पन्नास फ्रँक देण्याच्या बोलीवर विकत घेतले. हिशेब केला तर ही फेड चार वर्षांहून अधिक काळ चालणार होती. हप्ता लांबला की मोनेची पत्रे येत आणि ती नेहमीच गोड नसत. या व्यवहाराला औदार्य म्हणून थांबणे पुरेसे नाही. देणारा आणि घेणारा दोघेही एकाच पेशातले, एकाच परीक्षक मंडळाकडून नाकारले जाणारे आणि एकाच वयाचे होते. त्यामुळे या मदतीत उपकाराइतकाच अवघडलेपणाही असणार. बाझीयच्या चित्रांत मोनेचा किंवा रन्वारचा कोठेही गौरव केलेला नाही, याचे एक कारण या समपातळीवरील नात्यात शोधता येईल.

काँदामीन मार्गावरील चित्रशाळा

१८७० मध्ये पूर्ण केलेले, साधारण एक मीटर उंचीचे चित्रशाळेचे चित्र हा या सर्व प्रवासाचा संगम आहे. उंच खिडकीतून करडा उजेड येतो आहे. उजव्या बाजूला एदमाँ मेत्र हा संगीतप्रेमी मित्र पियानो वाजवितो आहे. मध्यभागी घोडीवर एक कॅनव्हास असून टोपी घातलेला एद्वार माने तो पाहतो आहे. हाती रंगपाटी घेतलेला उंच बाझीय शेजारी उभा आहे. डावीकडे जिन्याजवळ आणखी तिघे आहेत. ते मोने, रन्वार, सिस्ली, झोला यांपैकी कोण कोण, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. हा मतभेद लक्षणीय वाटतो. ज्या चित्रकाराने कुटुंबातील प्रत्येक चेहरा काळजीपूर्वक ओळखीचा ठेवला, त्याने मित्रांचे चेहरे संदिग्ध राहू दिले. येथे कोणीही प्रेक्षकाकडे पाहत नाही. एक गट बोलतो आहे, एक चित्र पाहतो आहे, एकजण वाजवितो आहे, आणि मध्ये भरपूर मोकळी जमीन आहे. कुटुंबचित्रात माणसांनी जागा भरून टाकली होती. येथे जागेने माणसांना सैल सोडले आहे.

भिंतींवरील चित्रे मात्र ओळखू येतात. बाझीयचे ‘जाळे टाकणारा मच्छीमार’ आणि ‘प्रसाधन’, रन्वारचे एक मोठे चित्र, मेत्रच्या डोक्यावर मोनेचे छोटे स्थिरवस्तुचित्र. यांपैकी अनेक चित्रे सलोनने नाकारलेली होती. जी चित्रे शासनमान्य भिंतींवर लागली नाहीत ती येथे लागली आहेत. १८६७ मध्ये पैशांअभावी बारगळलेले स्वतंत्र प्रदर्शन बाझीयने जणू आपल्या कॅनव्हासवर भरविले.

या चित्रातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे त्यातील बाझीयची आकृती बाझीयने काढलेली नाही. ती मानेने रंगविली आहे, आणि ही गोष्ट बाझीयने स्वतःच वडिलांना लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. कुटुंबचित्रात त्याने स्वतःला कडेला दाबून बसविले होते. येथे मित्राने त्याच्या हातातील कुंचला घेतला आणि त्याला चित्राच्या मध्याजवळ, घोडीशेजारी उभे केले. ही आकृती इतरांहून किंचित मोठी आणि मोकळ्या फटकाऱ्यांची आहे. तिची जोडणी डोळ्यांना जाणवते आणि बाझीयने ती झाकली नाही. आपल्या चित्रात दुसऱ्याचा हात दिसू देणे ही कर्तृत्वाविषयीची एक भूमिका आहे.

याच वर्षी आंरी फांतँ-लातूर यांनी ‘बातिन्योलमधील चित्रशाळा’ हे भव्य चित्र सलोनमध्ये मांडले. त्यातही माने, रन्वार, मोने, झोला, मेत्र आणि बाझीय आहेत. परंतु तेथे माने आसनस्थ आहे आणि इतर बहुतेकजण काळ्या पोशाखात, गंभीरपणे, त्याच्याभोवती उभे आहेत. तो गुरूला वाहिलेला आदर आहे. बाझीयच्या चित्रात तोच माने उभा राहून दुसऱ्याचे चित्र पाहतो आहे. फांतँ-लातूर यांनी गट इतिहासासाठी मांडला, तर बाझीयने तो कामाच्या एखाद्या दुपारी पाहिला.

या मोकळेपणाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. या खोलीत एकही स्त्री नाही. स्त्री आहे ती भिंतीवरच्या ‘प्रसाधन’ या चित्रात, विवस्त्र मॉडेल म्हणून. बाझीयच्या मावसबहिणी मेरिकच्या गच्चीवर आहेत, चित्रशाळेत नाहीत. १८६९ च्या सलोनमधील त्याच्या ‘गावाचे दृश्य’ या चित्राची मर्मज्ञ प्रशंसा बेर्त मोरिझो या चित्रकर्तीने केली होती. उघड्या हवेत मनुष्याकृती बसविण्याचा जो प्रश्न सर्वांना सतावीत होता तो येथे सुटला आहे, हे तिने अचूक ओळखले. परंतु ती या दुपारच्या बैठकीत असणे तत्कालीन रीतिरिवाजांत शक्य नव्हते. मैत्रीने परीक्षक मंडळाची भिंत ओलांडली, ही दुसरी भिंत मात्र तशीच राहिली.

समारोप

ऑगस्ट १८७० मध्ये बाझीय सैन्यात दाखल झाला. २८ नोव्हेंबर १८७० रोजी बोन-ला-रोलांद येथील लढाईत तो मारला गेला. वडील रणभूमीवर गेले आणि मुलाचा देह शोधून माँपेल्येला घेऊन आले.

यानंतरची एक घटना प्रस्तुत विवेचनाशी थेट संबंधित आहे. १८७६ मध्ये दृक्प्रत्ययवाद्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात रन्वारने काढलेले बाझीयचे चित्र मांडण्यात आले. ते तेव्हा मानेच्या मालकीचे होते. वडिलांनी ते मागितले आणि त्याच्या बदल्यात घरी असलेले मोनेचे ‘बागेतील स्त्रिया’ हे प्रचंड चित्र मानेला दिले. पुढे ते मोनेकडे परत गेले आणि १९२१ मध्ये फ्रेंच शासनाने ते दोन लाख फ्रँकना त्याच्याकडून विकत घेतले. वडिलांना या भावाची कल्पना असणे शक्य नव्हते आणि असती तरी त्यांनी वेगळे काही केले असते, असे वाटत नाही. ‘कौटुंबिक मेळावा’मधील कडेला उभा असलेला मुलगा त्यांच्याजवळ होता. त्यांना हवा होता तो सपाता घालून, वाकून, बगळा रंगविणारा मुलगा. आणि तो फक्त मित्राने पाहिला होता.

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. बाझीयची कुटुंबचित्रे आणि मित्रचित्रे ही परस्परपूरक आहेत. पहिल्यांत तो पाहिला जाण्याचा ताण रंगवितो, दुसऱ्यांत त्या ताणातून सुटलेली माणसे. चित्रशाळा ही त्याच्या बाबतीत चित्रांची केवळ पार्श्वभूमी नसून मांडणीचे तत्त्व आहे. आणि मैत्री हा त्याच्या चरित्राचा तपशील नसून त्याच्या चित्रांच्या रचनेत दिसणारी गोष्ट आहे. बगळ्याची दोन चित्रे आणि मानेच्या हातची आकृती हे त्याचे पुरावे होत. चित्रकलेचा इतिहास शिकविताना आपण चित्रकारांची नावे एकेक करून सांगतो आणि प्रत्येकाला त्याची स्वतंत्र शैली देऊन मोकळे होतो. बाझीयसारखा चित्रकार या पद्धतीत बसत नाही, म्हणून तो गळतो. त्याला पुन्हा ओळीत आणून बसविण्यापेक्षा, त्याच्या चित्रशाळेत एकाच वेळी कोण कोण काम करीत होते आणि कोण कोणाकडे पाहत होते, हे विद्यार्थ्यांना दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.